वाचक विचारतात : जनावरं काढताना

पोळ्याच्या अंकात माझी बैलांची चार चित्रं छापून आली आणि त्यानंतर संपादकांनी पत्रांचा एक गठ्ठा माझ्याकडे पाठवला. मी जळगावात राहते. पुस्तकांसाठी, मासिकांसाठी चित्रं काढते, नोकरी कुठे करत नाही. बहुतेक काम प्राण्यांचं असतं. सगळ्या पत्रांना इथे उत्तर देता येणार नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतले आहेत, आणि एक पत्र असं आहे की ते बाजूला ठेवणं मला जमलं नाही.

ताई, माझ्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्या आहेत. वस्तुचित्र छान जमतं. पण गाय किंवा कुत्रा काढायला बसले की ते हलतात आणि चित्र अर्धवट राहतं. हलणारं जनावर काढायचं कसं?
— अकरावीतली विद्यार्थिनी, फैजपूर

अगं, अर्धवट राहू दे. माझ्या वह्या चाळल्यास तर पूर्ण गाय एखाद्याच पानावर सापडेल. बाकी पानांवर कुठे नुसती पाठ, कुठे मान आणि एक कान, कुठे चार पाय आणि वर काहीच नाही. वस्तुचित्राने तुझ्या डोळ्याला शिस्त लागली, ती कामाचीच आहे. पण तांब्या तुझ्यासाठी तासभर थांबतो, गाय थांबत नाही. म्हणून एका पानावर एकच चित्र हा हट्ट सोड. मोठा कागद घे, त्यावर सहा-सात जागी सुरुवात कर. गाईने मान वळवली की ते चित्र तिथेच ठेवून शेजारी दुसरं सुरू करायचं. दावणीला बांधलेलं जनावर फिरून फिरून त्याच चार-पाच ठेवणींत येतं. थोड्या वेळाने मान पहिल्यासारखी झाली की पहिल्या चित्रावर परत जायचं. रवंथ करत बसलेली गाय मिळाली तर सोडू नकोस, तिच्याइतकं शांत कोणी बसत नाही.

सुरुवात कुठून करायची हे मला सावद्याच्या गुरांच्या बाजारात कळलं. माझे आबा केळीवाले शेतकरी. बैल घ्यायला निघाले की मला सोबत न्यायचे. हेडी (गुरांचा व्यापारी) शिंगांचं, डोळ्यांचं कौतुक सांगत असायचा आणि आबा खाली बघत असायचे. भार कोणत्या पायावर आहे, कोणता पाय बैल जपून टेकवतो, खूर सरळ पडतो की बाहेर. मग ते बैल चालवून दाखवायला सांगायचे. मग तोंड उघडून दात, दोनदाती आहे की चारदाती. चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी. सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा, तो मला दिसायचा नाही, म्हणून मी तेवढा वेळ पायच बघत बसायचे.

मी आजही त्याच क्रमाने काढते. आधी जमिनीची एक आडवी रेघ. मग ज्या पायावर भार आहे तो पाय. मग शिंगांच्या मुळापासून शेपटीपर्यंत पाठीची सलग रेघ. वशिंड, फरा (पुढच्या पायाचा खांदा), पुठ्ठा (मागचा मांसल भाग) या सगळ्यांना त्या रेघेचा आधार मिळतो. डोळे शेवटी. एवढ्याला अर्धा मिनिट पुरतो, आणि तेवढ्यात गाय हलली तरी ती उभी कशी होती हे कागदावर राहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र बघून कळत नाही, हात लावून कळते. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो त्याला आपण गुडघा समजतो. ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. खूर म्हणजे बोटांची नखं, गाय प्रत्येक पायाच्या दोन बोटांच्या टोकांवर उभी असते आणि घोडा एकाच बोटाच्या. घरच्या गरीब गाईच्या पायावरून एकदा वरपासून खाली हात फिरव, सांधे मोजत जा. गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, उठताना आधी मागचा भाग उचलते. घोडा उठताना आधी पुढचे पाय रोवतो. हे ठाऊक असलं की जनावर हलायच्या आधीच आता काय हलणार ते तुला कळायला लागेल.

कागद पाठकोरे घे, बॉलपेन घे, खोडरबर घरी ठेव. आपल्याकडच्या उन्हात मार्चनंतर सकाळी आठच्या आत जे काय काढायचं ते काढून घे. जनावरांनाही त्यानंतर सावली हवी असते.

मॅडम, आमच्या शाळेतली मुलं गाय काढतात ती कार्टूनमधली. गावात गाई असूनही. काय करावं?
— चित्रकला शिक्षिका, अमळनेर

मॅडम, एक शेळी शाळेच्या आवारात आणून बांधा. गाईपुढे लहान मुलं बिचकतात, शेळीच्या जवळ जातात. मुलांना चित्र काढायला सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा. शेळीच्या डोळ्यातली बाहुली कशी आहे? ती आडवी असते, आणि शेळीने चरायला मान खाली घातली तरी जमिनीला समांतरच राहते. वरच्या जबड्यात पुढचे दात आहेत का? नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. आणि कान शिंगांच्या वर की खाली? कार्टूनमधल्या गाईचे कान डोक्यावर कुठेही चिकटवलेले असतात. ही उत्तरं मुलांनी स्वतः शोधली की कागदावरची गाय आपोआप बदलते.

सहल अजिंठ्याला जाणार असेल तर (जळगावहून साधारण ६० किलोमीटर) पहिल्या क्रमांकाच्या लेणीत एक खांब मुलांना आवर्जून दाखवा. त्यावर चार हरणांची शरीरं कोरली आहेत आणि चौघांना मिळून एकच डोकं आहे. एक शरीर सोडून बाकीची हाताने झाकून बघायला लावा, दर वेळी ते डोकं उरलेल्या हरणाचंच वाटतं. मी सातवीत असताना तिथून हलायलाच तयार नव्हते.

डिजिटल चित्रं काढायची आहेत. कोणता टॅब्लेट घेऊ? बजेट कमी आहे.
— भुसावळ, चोपडा, शहादा इथून अनेक पत्रं

स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट घ्या, घरचा कॉम्प्युटर चालेल. हात खाली आणि डोळे समोर, याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. सॉफ्टवेअर म्हणून क्रिटा फुकट मिळतं आणि पुस्तकाच्या कामाला ते पुरतं. प्रोक्रिएट चांगलं आहे, पण ते आयपॅडवरच चालतं. ब्रश तीन ठेवा: एक कडक कडेचा, एक मऊ, एक खरखरीत. कॅनव्हास छापायच्या मापाचा घ्या. ए-४ पानासाठी ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात. लहान कॅनव्हासवर काढून नंतर मोठं केलेलं चित्र छपाईत फाटतं, म्हणजे कडा खडबडीत दिसतात. आणि आपोआप सेव्ह होण्याची वेळ पाच मिनिटांवर ठेवा. आपल्याकडची वीज सांगून जात नाही.

तुमच्या चित्रातली म्हैस ओली, जिवंत वाटते. माझे डिजिटल प्राणी प्लास्टिकच्या खेळण्यासारखे दिसतात. मी केसांचे खास ब्रश डाउनलोड केले, तरीही. कुठे चुकतंय?
— ॲनिमेशन शिकणारा विद्यार्थी, धुळे

प्रश्न वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. मीही केसांचे ब्रश जमवले होते. त्यांनी अंगभर सारखे केस उगवतात, आणि तिथेच जनावर मरतं.

आधी रंग विसर. पहिला लेयर (चित्राचा वेगळा थर) करड्या छटांचा ठेव, तीन-चारच छटा. उजेडातली बाजू, सावलीतली बाजू, आणि सावलीत खालून परत येणारा उजेड. हा तिसरा भाग बहुतेक जण सोडतात, आणि आपल्या भागात तर तोच सगळ्यात मोठा असतो. मे महिन्यात दुपारी गिरणेच्या काठावर उभी असलेली म्हैस बघ. तिची पाठ काळी दिसत नाही, वरच्या आकाशाने ती निळसर करडी झालेली असते. पोटाची खालची बाजू तापलेल्या वाळूच्या उजेडाने तांबूस उजळलेली असते. खरा काळा कुठे उरतो? कानाच्या आत, पुढच्या पायांच्या बगलेत, नाकपुडीत. मी म्हशीसाठी शुद्ध काळा घेतच नाही. गडद निळा आणि गडद तांबडा यांच्या मधून काळेपणा येऊ देते. म्हैस पाण्यातून बाहेर आली असेल तर चकाकी फक्त तिथे ठेव जिथे कातडीखाली हाड आहे: कमरेची टोकं, फरा, शिंगांच्या मुळाजवळचं कपाळ. सगळीकडे चकाकी दिलीस की प्लास्टिक झालंच.

आता केस. शेतकरी बैल घेताना अंगावरचे भोवरे बघतो, कुठला शुभ, कुठला अशुभ. शुभ-अशुभाचं मी काही सांगत नाही, पण चित्रकारासाठी तो भोवरा फार मोलाचा आहे, कारण केसांची दिशा तिथे बदलते. कपाळावर भोवरा, तिथून केस चहूकडे फाकतात. मानेवरून मागे, फऱ्यावरून खाली, बरगड्यांवरून तिरके मागे जातात. मी वेगळ्या लेयरवर आधी नुसते बाण काढते, जसा ओढ्याचा प्रवाह दाखवावा तसे. मग केस फक्त तीन ठिकाणी: आकाराच्या कडेवर, जिथे उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात, आणि जिथे दिशा वळते तिथे. बाकी अंग सपाट छटेचं राहू दे. बघणाऱ्याचा डोळा उरलेले केस स्वतः भरतो. म्हशीला तर केस विरळच असतात, तिथे कातडीच्या सुरकुत्या जास्त बोलतात.

कडा सगळ्या सारख्या ठेवू नकोस. शिंगाची कड धारदार, पोटाची मऊ, शेपटीच्या गोंड्याची तुटक. सावली टाकताना मल्टिप्लाय लेयर (खालचा रंग गडद करणारा) वापरतोस असं पत्रात म्हटलं आहेस. वापर, पण त्यात करडा रंग घालू नकोस. सकाळची सावली आणि दुपारची सावली एका रंगाची नसते. दर दहा मिनिटांनी कॅनव्हास आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करून बघ, तिरके झालेले डोळे लगेच दिसतात.

शेवटची गोष्ट छपाईची. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही. माझी पहिली छापलेली म्हैस म्हणजे शाईचा एक काळा गोळा होता, आत काढलेलं काहीच दिसत नव्हतं. आता मी फाइल देण्याआधी ती सीएमवायके मध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) बघते, गडद भाग थोडे उघडते आणि साध्या झेरॉक्सवाल्याकडून एक रंगीत प्रिंट काढून उन्हात धरून बघते.

यंदा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे काढायचा विचार आहे. पळणारा घोडा कसा काढायचा?
— एक वाचक, दोंडाईचा

दत्तजयंतीला यात्रा सुरू होते, शक्यतो पहिल्या दिवसांतच जा. पळणारा घोडा डोळ्याने पकडता येत नाही, हे मोठमोठ्यांच्या बाबतीत झालं आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये शर्यतीचे घोडे रंगवले ते पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगणारे. १८७८ मध्ये मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याचे एकापाठोपाठ एक फोटो घेतले तेव्हा दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली एकवटलेले असताना. म्हणून फोनवर स्लो-मोशन चित्रण करून घ्या, घरी एकेक फ्रेम थांबवून काढा.

पण यात्रेत बसून मात्र उभे घोडे काढा. मारवाडी, काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकांना एकमेकांना भिडतात. ते कान सतत फिरत असतात आणि घोड्याचं लक्ष कुठे आहे ते सांगत असतात. मालकाला आधी विचारा, आणि काढून झालं की वही त्याला दाखवा. मी तिथे जे शिकले त्यातलं निम्मं मालकांनी वहीवर बोट ठेवून सांगितलेलं आहे.

बिबट्या काढायचा आहे. समोर बसून काढणं शक्य नाही. नेटवरचा फोटो ट्रेस केला तर चालेल का?
— रावेर

ट्रेस करून छापायला देऊ नका, तो फोटो कुणाचा तरी आहे. शिवाय नेटवर बिबट्या म्हणून अमेरिका खंडातल्या जग्वारचेही फोटो फिरतात. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची फुलं आतून मोकळी असतात. जग्वारच्या फुलांमध्ये आणखी ठिपके असतात. बिबट्याच्या डोक्यावर आणि पायांवर भरीव ठिपके येतात. यावल अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या वाचकाने सातपुड्यात जग्वार काढू नये असं मला मनापासून वाटतं.

आठ-दहा वेगवेगळे फोटो बघा, मग ते बंद करून आठवणीने काढा, मग पुन्हा उघडून चुका शोधा. उठण्या-बसण्याच्या सवयींसाठी घरची मांजर बघा, खांद्याची हाडं चालताना पाठीच्या वर कशी येतात ते तिच्यात स्वच्छ दिसतं. आणि फोटोवर पूर्ण विसंबू नका. फोनने जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, मागचं अंग आक्रसतं. आपल्या चाळीसगावचे केकी मूस टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंमधून फोटोत अख्खं निसर्गदृश्य उभं करत. फोटोत काय करता येतं हे त्यांची टेबल-टॉप चित्रं बघितली की समजतं.

एका पुस्तकासाठी प्राण्यांची बारा चित्रं मागितली आहेत. करार कसा करावा?
— शिरपूर

लेखी करा, ओळखीतलं काम असलं तरी. माझं शेळीचं एक चित्र एका प्रकाशनाने पुस्तकासाठी घेतलं आणि वर्षभराने ते मला दुकानात वह्यांच्या मुखपृष्ठावर दिसलं. माझ्याकडे दाखवायला एक कागदही नव्हता. ती शेळी आमच्या शेजारच्या वाड्यातली होती, तिच्या करडासकट मी ती महिनाभर काढली होती. त्या दिवशी मी वही विकत घेतली आणि घरी येऊन खूप रडले.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक चित्रकार असतो. पण नोकरीत काढलेल्या चित्राची गोष्ट वेगळी, आणि कुणी मोबदला देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर मालकी काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून ‘चित्रांचे हक्क चित्रकाराकडे, या पुस्तकात छापण्याची परवानगी दिली आहे’ हे वाक्य कागदावर हवंच. हक्क लिहून द्यायचेच असतील तर किती वर्षांसाठी आणि कुठे ते लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. बाकी कच्चं रेखाटन मंजूर झाल्यावर अर्धे पैसे, आणि दुरुस्त्या दोनदाच, एवढं ठरवलं तरी बारा चित्रं नीट पार पडतात.

ताई, आमचा बैल या उन्हाळ्यात गेला. चौदा वर्षं आमच्याकडे होता. नाना तेव्हापासून गोठ्यात जात नाहीत. मला मोबाइलवर थोडंफार चित्र काढता येतं. त्याचा एकच फोटो आहे, पोळ्याचा, झूल आणि बाशिंग घातलेला, मागचा अर्धा भाग फोटोत आलेला नाही. यावरून त्याचं चित्र काढता येईल का? तुम्ही काढून द्याल का?
— शिंदखेडा तालुक्यातला एक तरुण शेतकरी

दादा, मी काढून देऊ शकते, पण तुम्ही काढावं असं मला वाटतं. का ते सांगते.

काही वर्षांपूर्वी साक्रीकडच्या एका बाबांसाठी मी त्यांच्या गेलेल्या बैलाचं चित्र केलं होतं. फोटो तुमच्यासारखाच एक. मी डिजिटलमध्ये एका बाजूचं शिंग नीट काढलं आणि दुसरं आरशाच्या सोयीने उलटून बसवलं, दोन्ही शिंगं अगदी सारखी. चित्र छान दिसत होतं. बाबांनी ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाले, “हाऊ मन्हा बैल नही.” मी तिथेच बसून राहिले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. डावं शिंग गोठ्याच्या चौकटीला लागून लहानपणीच जरा आत वळलं होतं. तो नेहमी उजवीकडे जुंपला जायचा, खांद्यावर जूचा घट्टा होता, तिथले केस परत आलेच नाहीत. उभा राहिला की मागचा डावा पाय सैल सोडायचा. मी त्यांच्यासमोरच पुन्हा काढायला बसले. ते बोलत होते, मी बदलत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शिंगाच्या त्या वळणावर बोट ठेवलं आणि उठून पाणी प्यायला गेले. ते चित्र त्यांच्या ओट्यावर लावलेलं आहे. त्यात रंगवण्याची जी काही कसब होती ती माझी, बैल त्यांनी काढला.

तुमच्या नानांना चौदा वर्षं आठवत असणार. फोटोत जे नाही ते त्यांच्याकडे आहे. एकदम ‘चित्र काढतोय’ म्हणून सांगू नका, एकेक गोष्ट विचारा. कोणतं शिंग जास्त वळलेलं होतं? कोणत्या बाजूला जुंपायचे? वशिंड कोणत्या अंगाला कललेलं होतं? गळ्याखालची पोळी कुठपर्यंत लोंबायची? खांदेमळणीच्या दिवशी हळद-तूप लावताना तो मान कशी करायचा? शेपटीचा गोंडा टाचेच्या वर यायचा की खाली? तोंडाने सांगता आलं नाही तर ते स्वतःच्या हातावर, पायावर दाखवतील, ते मोबाइलवर टिपून ठेवा. काढताना आरशाची सोय बंद ठेवा.

आधी बैल नुसता काढा, अंगावर काही नाही असा, चारही पायांवर उभा. झूल आणि बाशिंग मागून घाला, वेगळ्या लेयरवर. नानांना तो पोळ्याचा बघायचा असेल तेव्हा झूल चढवता येईल, आणि एरवी शेतातला बघावासा वाटला तर तो लेयर बंद करता येईल.